पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधला बदल मर्ज करायची विनंती) रिव्ह्यूमध्ये सिक्युरिटी नक्की कशी बघता? आणि पुण्यात कुणी एकत्र बसून शिकतंय का?

बाणेर_बॅकएंड

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, पण पूर्ण वाचून सांगा.

आमची छोटी टीम आहे, हाउसिंग सोसायट्यांसाठी ॲप करतो. मेंटेनन्सची बिलं, पावत्या, गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद, पार्किंग, तक्रारी, एजीएमच्या नोटिसा, असं सगळं. बॅकएंड जँगोमध्ये, डेटाबेस पोस्टग्रेस, मोबाइल ॲप फ्लटरमध्ये. आता एक मोठा बिल्डर त्यांच्या सगळ्या प्रोजेक्टना आमचं ॲप द्यायचं म्हणतोय आणि त्यांच्या आयटीवाल्यांची अट आहे की सही व्हायच्या आधी बाहेरच्या कंपनीकडून पेन टेस्ट (परवानगीने हल्ला करून भोकं शोधणं) करून रिपोर्ट द्या. ते करूच, त्याबद्दल तक्रार नाही. पण मला दिसतंय की रिपोर्ट येणार, त्यातलं आम्ही दुरुस्त करणार आणि दोन स्प्रिंटनंतर तसलंच काहीतरी दुसऱ्या एंडपॉइंटमध्ये (ॲप सर्व्हरकडे जिथे विनंती पाठवतं तो पत्ता) परत येणार. हे टीमच्या नजरेत बसलं पाहिजे, नाहीतर दरवर्षी तेच.

सध्या आमचा रिव्ह्यू म्हणजे काय तर व्हेरिएबलची नावं नीट आहेत का, फंक्शन फार मोठं झालंय का, टेस्ट हिरव्या आहेत का, झालं, अप्रूव्ह. मुलं मनापासून करतात, पण "एखाद्याने मुद्दाम वाकडं वागायचं ठरवलं तर काय होईल" हा विचार कुणी करत नाही. नेटवरून एक भलीमोठी चेकलिस्ट आणून पीआरच्या टेम्प्लेटमध्ये टाकून बघितली, सगळे न वाचता टिक करायला लागले म्हणून काढून टाकली.

दुसरी गोष्ट. टीममधली निम्मी पोरं लातूर, नांदेड, सोलापूरकडची आहेत, एकदम हुशार. इंग्रजी व्हिडिओ लावून दिला की शांत बसतात, तेच बोर्डवर मराठीत समजावलं की पाच मिनिटांत उलट प्रश्न विचारायला लागतात. म्हणून वाटतंय की शनिवारी एकत्र बसून शिकायची काहीतरी सवय लावावी.

तर विचारायचं हे की वेळ कमी असेल तर रिव्ह्यूमध्ये सगळ्यात आधी काय बघायचं? आणि असं एकत्र शिकणं कुणी केलंय का, कसं चालवता, पुण्यात बाहेर कुठे जाता येईल?

कर्वेनगरची_टेस्टर

मी ॲप्लिकेशन सिक्युरिटीमध्ये काम करते, दिवसभर दुसऱ्यांची ॲपं तपासणं हेच काम. तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं एकच उत्तर आहे आणि ते मी कुठल्याही टीमला देते, वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा आणि प्रत्येक एंडपॉइंटला एवढंच विचारा की हा रेकॉर्ड मागणाऱ्या माणसाचा आहे का, आणि हे तपासणारी ओळ कोडमध्ये नेमकी कुठली, बोट ठेवून दाखव.

तुमचंच ॲप घेऊ. पावती बघायची आहे. युजर लॉगिन झाला, टोकन (लॉगिनचा डिजिटल पास) आलं, ॲपने सर्व्हरला सांगितलं की पावती क्रमांक ४५१२ दे. व्ह्यूमध्ये लॉगिन तपासणारा डेकोरेटर आहे, खाली एक ओळ, पावती डॉट ऑब्जेक्ट्स डॉट गेट, आयडी बरोबर ४५१२. पावती सापडली, जेसन करून पाठवली. रिव्ह्यू करणारा बघतो की लॉगिनचा चेक आहे, ओआरएम (डेटाबेसची क्वेरी आपल्यासाठी बनवणारा थर) वापरलंय म्हणजे एसक्यूएल इंजेक्शनची (इनपुटमधून क्वेरीत स्वतःचे आदेश घुसवण्याची) भीती नाही, टेस्ट आहे, मर्ज. आता मी टेस्टर म्हणून काय करते, माझ्याच अकाउंटने लॉगिन करते, रिक्वेस्ट प्रॉक्सीमध्ये (ॲप आणि सर्व्हरच्या मध्ये बसणारं टूल) पकडते आणि ४५१२ च्या जागी ४५१३ लिहिते. समोरच्या विंगमधल्या काकांची पावती, फोन नंबर, थकबाकी सगळं माझ्या स्क्रीनवर. लॉगिन बरोबर आहे, कोड "चालतोय", टेस्ट हिरवी आहे. फक्त तू कोण हे विचारलंय, हे तुझं आहे का हे कुणी विचारलेलंच नाही.

हे किरकोळ वाटतं म्हणून सांगते. ओवास्प ह्या वेब सिक्युरिटीवर काम करणाऱ्या संस्थेची, सगळ्यात मोठ्या धोक्यांची टॉप टेन यादी आहे ना, त्यात ॲक्सेस कंट्रोल २०१७ मध्ये पाचव्या नंबरवर होतं, २०२१ च्या यादीत ते सरळ पहिल्यावर आलं आणि इंजेक्शन तिसऱ्यावर गेलं. फ्रेमवर्कनी इंजेक्शन बरंच आवरलं, पण पावती कुणाची हे फ्रेमवर्कला कसं कळणार, ते तुमच्या धंद्याचं ज्ञान आहे. अमेरिकेत फर्स्ट अमेरिकन नावाची घरांच्या व्यवहारांची कागदपत्रं सांभाळणारी मोठी कंपनी आहे, २०१९ मध्ये त्यांच्या साइटवर लिंकमधला आकडा बदलला की दुसऱ्याचे कागद दिसत होते, ८८ कोटींहून जास्त रेकॉर्ड उघडी, आणि तिथे तर लॉगिनसुद्धा लागत नव्हतं. त्यातही मला सगळ्यात वाईट वाटतं ते हे की त्यांच्याच आतल्या सिक्युरिटीच्या माणसांना ते काही महिने आधी सापडलेलं होतं, रिपोर्ट लिहिलेला होता, दुरुस्त मात्र झालं नव्हतं. म्हणून पेन टेस्टचा रिपोर्ट आल्यावर त्यातल्या प्रत्येक मुद्द्याला मालक आणि तारीख लावा, नुसती पीडीएफ ड्राइव्हवर ठेवू नका.

सोसायटीच्या ॲपमध्ये तर हे जास्तच नाजूक आहे. गेटची नोंद म्हणजे कोण किती वाजता बाहेर जातं, कामवाल्या मावशी कधी येतात, कुठला फ्लॅट आठवडाभर बंद आहे. ही माहिती चुकीच्या माणसाला मिळणं म्हणजे काय हे टीमला एकदा नीट समजावून सांगा, मग चेकलिस्टची गरज पडत नाही.

तुमच्या डोमेनमधल्या अजून काही जागा सांगते, तिथे आम्ही हमखास हात घालतो. फ्लॅट विकला, जुना मालक अजून लॉगिन करू शकतो का आणि नव्या मालकाची बिलं बघू शकतो का. भाडेकरू गेला, त्याचं काय. कमिटी बदलली, जुन्या खजिनदाराच्या टोकनमध्ये रोल लिहिलेला आहे आणि टोकन महिनाभर चालतंय, म्हणजे महिनाभर तो खजिनदारच. रोल टोकनमध्ये ठेवायचा असेल तर टोकनचं आयुष्य मिनिटांत ठेवा, नाहीतर दर वेळी डेटाबेसमधून बघा. आणि पीडीएफ! एपीआयमध्ये चेक अगदी व्यवस्थित असतो आणि पावतीची पीडीएफ मात्र पब्लिक बकेटमध्ये (कुणालाही उघडता येणाऱ्या क्लाउड फोल्डरमध्ये), नावात फ्लॅट नंबर आणि महिना. लिंकचा अंदाज कुणीही लावेल. फाइल नेहमी थोड्या वेळात संपणाऱ्या सही केलेल्या लिंकनेच द्यायची, आणि ती लिंक बनवायच्या आधी तोच मालकीचा चेक.

कुणीतरी म्हणेल आयडीच्या जागी यूयूआयडी (लांबलचक रँडम आयडी) टाका, अंदाज लावता येणार नाही. टाका, चांगलंच आहे, पण चेकच्या ऐवजी नाही. यूयूआयडी लॉगमध्ये सापडतो, फॉरवर्ड केलेल्या मेसेजमध्ये सापडतो, कमिटीने ग्रुपवर टाकलेल्या स्क्रीनशॉटमध्ये सापडतो.

जुना_डीबीए

ताईंनी लिहिलंय त्यातलं एकूण एक मान्य. फक्त एक भर घालतो, कारण माझा अनुभव असा की रिव्ह्यू करणारा माणूस शुक्रवारी संध्याकाळी थकलेला असतो आणि तेव्हा तो बोट ठेवायला विसरतो. म्हणून चेक शक्य तेवढा खाली न्या.

जँगोमध्ये पहिली पायरी सोपी आहे. व्ह्यूमध्ये थेट ऑब्जेक्ट्स डॉट गेट लिहायचंच नाही असा टीमचा नियम करा. प्रत्येक मॉडेलला एक मॅनेजर मेथड असू द्या, "ह्या युजरला दिसणारे", आणि सगळी क्वेरी तिथूनच सुरू होईल. मग दुसऱ्याची पावती मागितली तर ती सापडतच नाही, वेगळा इफ लिहायला लागत नाही. आणि कुणी सवयीने जुन्या पद्धतीने लिहिलं तर सेमग्रेपचा (कोडमध्ये ठरावीक पॅटर्न शोधणारं टूल) एक छोटा नियम लिहून सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासण्या) लावता येतो, व्ह्यूच्या फोल्डरमध्ये ती ओळ दिसली की बिल्ड लाल. हा नियम लिहायला अर्धा दिवस पुरतो.

दुसरी पायरी पोस्टग्रेसची रो लेव्हल सिक्युरिटी. ही ९.५ पासून आहे, म्हणजे २०१६ पासून, तरी फार कमी लोक वापरताना दिसतात. टेबलवर पॉलिसी लावायची की सोसायटी आयडी ह्या सेशनच्या सोसायटी आयडीशी जुळला तरच ओळ दिसेल. ॲपमध्ये कुणी क्वेरीतली व्हेअरची अट विसरलं तरी एका सोसायटीचा डेटा दुसऱ्या सोसायटीला जात नाही. तुमच्यासारख्या एका डेटाबेसमध्ये शेकडो सोसायट्या ठेवणाऱ्या ॲपला हे फार उपयोगी आहे.

पण तीन ठिकाणी लोक फसतात, ते आधीच सांगतो. टेबलचा जो ओनर असतो त्याला पॉलिसी लागू होत नाही, आणि बहुतेक ॲपं मायग्रेशन (टेबलच्या रचनेतले बदल) चालवणाऱ्या त्याच ओनर युजरने डेटाबेसला जोडलेली असतात, त्यामुळे पॉलिसी लिहिलेली दिसते आणि काम काहीच करत नाही. एकतर फोर्स रो लेव्हल सिक्युरिटी चालू करा किंवा ॲपसाठी वेगळा, कमी हक्कांचा युजर करा, मी दुसरं सुचवेन. सुपरयुजरला तर फोर्स केलं तरी लागू होत नाही. आणि कनेक्शन पूलिंग (तीच डेटाबेस कनेक्शन पुन्हा पुन्हा वापरणं) असेल तर सोसायटी आयडी सेट करताना सेट लोकल वापरा, ट्रान्झॅक्शनच्या आतमध्ये, नाहीतर मागच्या रिक्वेस्टची व्हॅल्यू त्याच कनेक्शनवर शिल्लक राहते आणि पुढची रिक्वेस्ट दुसऱ्याच सोसायटीच्या नावाने चालते. म्हणजे जे टाळायचं तेच स्वतःच्या हाताने केल्यासारखं होईल.

घाईत_पण_वाचतो

सगळं ठीक आहे, पण लहान टीमला एवढं जमतं का? मी तर म्हणतो एक चांगला स्कॅनर विकत घ्या, सीआयमध्ये लावा, रात्री चालवा, सकाळी रिपोर्ट बघा. माणसाला शिकवत बसण्यात महिने जातात, डिलिव्हरी थांबत नाही. पेन टेस्टवाले पण अर्धं काम स्कॅनरनेच करतात ना.

कर्वेनगरची_टेस्टर

@घाईत_पण_वाचतो स्कॅनर लावायलाच हवा, त्यात वाद नाही, जुन्या लायब्ररी, हेडर नसणं, उघडे पोर्ट, एक्सएसएसचे (पानात परका स्क्रिप्ट घुसवण्याचे) ढोबळ प्रकार, हे तो माणसापेक्षा चांगलं पकडतो आणि कंटाळत नाही. पण वरचं पावतीचं उदाहरण घ्या. स्कॅनरने ४५१३ मागितलं, सर्व्हरने २०० कोड (म्हणजे सगळं ठीक) देऊन नीट जेसन पाठवलं. स्कॅनरच्या दृष्टीने हे उत्तम चाललेलं ॲप आहे. ती पावती समोरच्या काकांची आहे हे त्याला कोण सांगणार? तुम्हीच सांगायला लागतं, आणि ते सांगायची जागा म्हणजे टेस्ट.

म्हणून स्कॅनरइतक्याच गंभीरपणे ही एक टेस्ट लिहा. दोन सोसायट्या, दोन फ्लॅट, दोन युजर. पहिल्याच्या नावाने बिल, पावती, तक्रार, गेटपास सगळं तयार करायचं आणि दुसऱ्याच्या टोकनने प्रत्येक एंडपॉइंटला वाचायचा, बदलायचा, डिलीट करायचा प्रयत्न करायचा, सगळीकडे नकार आलाच पाहिजे. आता महत्त्वाचा भाग, एंडपॉइंटची यादी हाताने लिहायची नाही, जँगोच्या यूआरएल कॉन्फमधून (जिथे सगळे पत्ते नोंदवलेले असतात) काढायची, आणि जो एंडपॉइंट ह्या टेस्टमध्ये नाही किंवा मुद्दाम "सगळ्यांसाठी खुला" असा नोंदवलेला नाही, तो दिसला की बिल्ड फेल. म्हणजे नवीन मुलाने नवा एंडपॉइंट लिहिला की त्याला आपोआप थांबून विचार करावाच लागतो की हे कुणासाठी आहे. शिकवणं आणि डिलिव्हरी दोन्ही एकाच जागी होतं, वेगळे महिने द्यावे लागत नाहीत.

हिंजवडी_डेवऑप्स

वरची चर्चा कोडबद्दल चाललीये, मी कोडच्या आजूबाजूचं सांगतो, कारण पेन टेस्टवाले आत यायला दरवाजाच वापरतील असं नाही.

सिक्रेट, म्हणजे पासवर्ड, एपीआय की वगैरे. गिटमध्ये (कोडचा इतिहास ठेवणारं टूल) एकदा अशी 'की' गेली तर ती गेलीच, पुढच्या कमिटमध्ये काढली तरी हिस्टरीत असतेच, आणि रेपो क्लोन केलेल्या प्रत्येक लॅपटॉपवर असते. पब्लिक रेपो असेल तर बॉट सतत शोधत असतात, काही मिनिटांत ती 'की' वापरली जाते. अशा वेळी हिस्टरी साफ करत बसण्याआधी ती 'की' रद्द करून नवीन काढायची, हा क्रम टीममधल्या प्रत्येकाला तोंडपाठ असला पाहिजे. गिटलीक्स (कोडमधली सिक्रेट शोधणारं टूल) फुकट आहे, प्री-कमिट हुकमध्ये (कमिट होण्याआधी चालणारी तपासणी) लावा, सीआयमध्ये पण लावा, कारण हुक लोक बायपास करतात.

पॅकेजेस. डिसेंबर २०२१ ला लॉगफोरजेचं जे झालं ते आठवत असेल, लॉग लिहिणारी साधी लायब्ररी, लॉगमध्ये आलेला मजकूर वाचताना त्यातला पत्ता उघडून बाहेरचा कोड चालवायची, तीव्रता दहापैकी दहा. त्या आठवड्यात खरा त्रास पॅच लावण्याचा नव्हता, आपल्याकडे ती लायब्ररी नेमकी कुठे कुठे आहे हेच कुणाला सांगता येत नव्हतं हा होता. म्हणून लॉकफाइल (कुठल्या पॅकेजची नेमकी कुठली व्हर्जन आहे त्याची यादी) कमिट करा, पिप-ऑडिट (पायथॉन पॅकेजमधले माहीत असलेले दोष शोधणारं टूल) सीआयमध्ये चालवा, आणि अपडेट दर आठवड्याला थोडे थोडे घ्या, वर्षातून एकदा सगळे घ्यायला गेलं की कुणाची हिंमत होत नाही. इक्विफॅक्स ह्या अमेरिकन क्रेडिट रिपोर्ट कंपनीचं २०१७ ला तेच झालं, स्ट्रट्स ह्या जावा फ्रेमवर्कचा पॅच मार्चमध्ये आलेला, लावला गेला नाही, मे महिन्यात चोर आत, १४ कोटींहून जास्त लोकांची माहिती गेली.

आणि हे फक्त टूलने पकडता येतं असंही नाही. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड ह्या फाइल कॉम्प्रेस करणाऱ्या लायब्ररीत कुणीतरी दोन-अडीच वर्षं विश्वास कमावून बॅकडोअर (चोरदरवाजा) घुसवलं होतं, ते सापडलं कसं तर अँड्रेस फ्रॉइंड म्हणून पोस्टग्रेसचा डेव्हलपर, त्याला एसएसएच (दुसऱ्या सर्व्हरवर दूरवरून शिरायची पद्धत) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं आणि तो शेवटपर्यंत मागे लागला. मी माझ्या टीमला सांगतो की काही खटकलं तर बोला, "असेल काहीतरी" म्हणून पुढे जाऊ नका.

बाणेरवाल्या दादांना अजून एक, कायद्याचं पण बघून ठेवा. सर्ट-इन ह्या सायबर घटना हाताळणाऱ्या सरकारी संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ठराविक प्रकारच्या घटना कळल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. ६ तास म्हणजे काहीच नाही, कुणाला फोन करायचा, कुठून मेल करायचा हे आधी लिहून भिंतीवर लावलेलं नसेल तर त्यातले चार तास शोधाशोधीतच जातील. शिवाय २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा कायदा आहे, डेटाची वाजवी काळजी घेतली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. बिल्डरचे आयटीवाले अट घालतायत त्याचं कारण हेच असणार.

आणि लॉग ठेवताना त्यात ओटीपी, टोकन, पासवर्ड जाऊ देऊ नका. १८० दिवस सांभाळलेली चोरासाठीची फाइल होईल ती.

सोलापूर_टू_कोथरूड

मला एकत्र शिकण्याबद्दल लिहायचंय कारण मी त्याच पोरांपैकी आहे ज्यांच्याबद्दल दादांनी लिहिलंय. मराठी मीडियम, नंतर सोलापूरलाच इंजिनिअरिंग, मग पुणे.

आमच्या ऑफिसात दर शनिवारी सकाळी एक तास कोड वाचन असतं. सिनिअर मॅडमनी सुरू केलं. नियम असा की ज्याने कोड लिहिलाय तो गप्प बसतो आणि दुसरा कुणीतरी तो स्क्रीनवर लावून ओळीने मराठीत समजावून सांगतो, ही रिक्वेस्ट आली, इथे युजर काढला, इथे बिल शोधलं. मॅडमनी सांगितलं की ही कल्पना जुनीच आहे, आयबीएमच्या मायकेल फेगनने १९७६ मध्ये कोड इन्स्पेक्शनची पद्धत मांडली, त्यात कोड वाचून सांगणारा माणूस ठरलेला असतो. ह्यात होतं काय की इंग्रजीत वाचताना डोळे ओळीवरून सरकून जातात, पण "हे बिल कुणाचं आहे ते इथे बघितलं" असं तोंडाने म्हणायला गेलो की ती ओळ तिथे नाहीच हे तोंडातच अडकतं. मला सिक्युरिटी कळायला लागली ती तिथे, कोर्समध्ये नाही.

कोड थोडाच घ्यायचा, दोन-तीनशे ओळींच्या वर गेलं की सगळ्यांचं लक्ष उडतं. आणि कुणाचा कोड आहे ह्यावरून टोमणा मारायचा नाही हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या, एकदा एखाद्याला लाज वाटली की तो पुढच्या वेळी कोड आणणारच नाही, आणि नवीन मुलं तर प्रश्नच विचारणार नाहीत.

सरावासाठी ओवास्पचं ज्यूस शॉप बेस्ट आहे. मुद्दाम भोकं ठेवून बनवलेलं खोटं दुकान, आपल्या लॅपटॉपवर डॉकरमध्ये (ॲप वेगळ्या डब्यात चालवणारं टूल) चालतं, कुणाचं नुकसान नाही. त्यात सुरुवातीलाच दुसऱ्याची बास्केट बघायचं चॅलेंज आहे, म्हणजे ताईंनी सांगितलेली पावतीच. टीमला जोड्यांनी बसवा, एकाने कीबोर्ड, एकाने विचार, आणि सापडल्यावर ते आपल्या ॲपमध्ये कुठे असू शकेल हे त्याच तासात शोधायला लावा. पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी ॲकॅडमी पण फुकट आहे, लॅब सहित, इंग्रजी आहे पण लॅब स्वतः केली की भाषा आड येत नाही. फक्त एक, सराव ह्याच गोष्टींवर किंवा स्वतःच्या टेस्ट सर्व्हरवर. दुसऱ्याच्या साइटवर परवानगी न घेता "बघू तरी" म्हणून आकडे बदलून बघणं हा आयटी कायद्याखाली गुन्हा होऊ शकतो, हे नवीन मुलांना आधी सांगा.

पुण्यात बाहेर जायचं तर नलचा पुणे चॅप्टर आहे, सिक्युरिटीवाल्यांची कम्युनिटी, फुकट असतं. पायथॉन पुणेचे मीटअप पण होतात, जँगोवाले भेटतील. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मागे बसलो होतो, पण चहाच्या वेळी मराठीत विचारलं की लोक मनापासून सांगतात. हिंजवडी, खराडी, बाणेर कुठूनही शनिवारी सकाळी निघालं तर ट्रॅफिक पण बरं असतं.

बाणेर_बॅकएंड

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. ठरवलंय असं की पहिल्या शनिवारी पावत्यांचं मोड्यूल मोठ्याने वाचायचं, दोन युजरवाली टेस्ट त्याच आठवड्यात सुरू करायची आणि यूआरएल कॉन्फमधून यादी काढायची. डीबीए काका, ॲपसाठी वेगळा डेटाबेस युजर लगेच करतोय, पॉलिसी आधी स्टेजिंगवर लावून बघतो.

दोन शंका राहिल्या. एक, दुसऱ्याची पावती मागितली तर ४०३ (परवानगी नाही) द्यायचा की ४०४ (सापडलं नाही)? टीममध्ये ह्यावर दोन गट आहेत. दुसरी, प्रोफाइल अपडेटच्या सिरिअलायझरमध्ये (रिक्वेस्टमधला डेटा टेबलच्या फील्डमध्ये भरणारा कोड) आम्ही फील्ड्स बरोबर ऑल, म्हणजे सगळी फील्ड, असं लिहितो, सोयीचं पडतं. मालकीचा चेक आहे, माणूस स्वतःचंच प्रोफाइल बदलतोय, मग ते चालेल ना?

कर्वेनगरची_टेस्टर

दुसरं आधी, नाही चालणार, आजच काढा. माणूस स्वतःचंच प्रोफाइल बदलतोय हे खरं, पण त्या टेबलमध्ये रोल, फ्लॅट, सोसायटी हे कॉलम असतील तर तो रिक्वेस्टमध्ये नावाबरोबर रोल बरोबर खजिनदार असं घालून पाठवेल आणि सिरिअलायझर आज्ञाधारकपणे सेव्ह करेल. ॲपच्या स्क्रीनवर ते फील्ड नाही म्हणून काही होत नाही, रिक्वेस्ट हाताने बनवता येते. २०१२ मध्ये गिटहबवर हेच झालं होतं, येगोर होमाकोव्ह म्हणून एकाने रेल्स ह्या वेब फ्रेमवर्कचा हा दोष दाखवायला जास्तीचं फील्ड पाठवून स्वतःची 'की' (प्रवेशाची किल्ली) रेल्सच्याच प्रोजेक्टला जोडली होती. नंतर रेल्स ४ मध्ये कुठली फील्ड घ्यायची ते नाव घेऊन सांगणं सक्तीचं झालं. तुम्हीही तेच करा, बदलता येणारी फील्ड नावाने लिहा, नाव, फोटो, ईमेल, बास. रोल बदलायचा एंडपॉइंट वेगळा, त्याला चेक वेगळा आणि त्याची नोंद ऑडिट लॉगमध्ये. हा पण सेमग्रेपचा नियम होऊ शकतो, "ऑल" दिसलं की बिल्ड लाल.

आता ४०३ की ४०४. तो रेकॉर्ड आहे एवढं कळणंसुद्धा नको असेल तर ४०४. गिटहब खासगी रेपोला बाहेरच्या माणसाला ४०४ च दाखवतं. पावती, तक्रार, गेटपास, तुमच्याकडचं जवळपास सगळं ह्यात बसतं, आणि काकांनी सांगितल्याप्रमाणे क्वेरीच युजरपासून सुरू केली तर ४०४ आपोआपच येतो. ४०३ तिथे द्या जिथे ती गोष्ट आहे हे सगळ्यांना माहितीच आहे, फक्त हक्क नाही, उदाहरणार्थ साध्या सभासदाने कमिटीचं सेटिंग उघडायचा प्रयत्न केला तर. मात्र बाहेर ४०४ दाखवलं तरी आतल्या लॉगमध्ये "रेकॉर्ड आहे पण ह्या युजरचा नाही" असं वेगळं लिहा, युजर आयडी आणि वेळेसकट. एकाच अकाउंटने थोड्या वेळात असे बरेच नकार खाल्ले तर त्याचा अलर्ट आला पाहिजे, कारण साधा सभासद आपली पावती बघताना आकडे मोजत पुढे जात नाही.